पोरगा स्वतःहून काहीच करत नाही? मग या चुका टाळा

शाळेत जाणाऱ्या मुलांचे आईबाबा भेटले की तक्रारी ठरलेल्या असतात. याला कशाची किंमत नाही, पाण्याचा ग्लासही स्वतः घेत नाही आणि चार लोकांत गेला की तोंड उघडत नाही. ऐकायला तीन वेगळ्या तक्रारी, पण बऱ्याच घरांत मूळ एकच निघतं, त्याच्या वाटचं काम दुसरंच कुणीतरी करतंय.

डब्याचंच बघा ना. शुक्रवारचा डबा दप्तरातच राहतो, सोमवारी सकाळी झाकण उघडलं की आंबलेल्या बटाट्याच्या भाजीचा तो वास, मग आई नाक मुरडत घासते, ओरडते आणि नवा भरून देते. पोराला काय कळलं? आई ओरडते, एवढंच. तिसरी-चौथीतल्या मुलाला तो स्वतः घासू द्या. कोपऱ्यात तेलकट राहील, राहू दे, मागून तुम्ही परत हात फिरवू नका. सुकलेलं खरकटं किती घासावं लागतं हे एकदा हाताला कळलं की डबा घरी आल्या आल्या सिंकमध्ये पडायला लागतो. पाहुण्यांसमोर "आईला थँक्यू म्हण" असं वदवून घेण्यात काही अर्थ नाही.

घरात बहीण असेल तर अजून सांभाळा, ती पानं घेते आणि हा ताटावरून उठून हात धुवायला जातो. २०१९ च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेत, म्हणजे लोकांचा दिवस कशात जातो त्या पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता आणि पुरुषांचा ९७, आणि हे ९७ पण फक्त जे करतात त्यांचेच, बाकीचे हिशोबातच नाहीत. हे असं ताटावरूनच सुरू होतं.

दुसरी चूक व्हॉट्सअॅपवरची. रात्री साडेनऊला ग्रुपवर "मराठीचा होमवर्क पाठवा ना कुणीतरी प्लीज" आणि ज्याचा होमवर्क तो मस्त घोरतोय! नाही लिहून आणला तर उद्या बाई बोलतील, बोलू देत की. प्रोजेक्टचं तेच, थर्माकोलचा किल्ला बाबांनी बनवला असेल तर वर्गात उभं राहून मुलगा त्याबद्दल काय बोलणार? मग म्हणायचं कॉन्फिडन्स नाही.

"माझा सोन्या हुशारच आहे" हे पण जरा कमी करा. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग छापले. हुशार म्हणून कौतुक झालेली मुलं सोप्या कोड्यांकडे वळली आणि अपयश आल्यावर लवकर ढेपाळली, मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली. म्हणून काय केलंस ते बोला, "दोनदा चुकलं तरी परत मांडलंस" असं.

आता हे सगळं सुरू केलं आणि पोरगा ऐकतच नाही, तर बहुतेक एकदम पाच कामं दिली असतील. एकच द्या, पण ते कायमचं त्याचं. पैसे लावू नका, आज दहा रुपये दिले की पुढच्या आठवड्यात वीस मागेल. बाबांचं ताट टेबलावरच राहत असेल तर आधी बाबांना उठवा. आणि आजी "राहू दे रे, मी आहे ना" म्हणत मधे येत असेल तर तिच्याशी वाद घालू नका, तिलाच सांगा, आई, तुम्हीच शिकवा त्याला कुकर लावायला.