तंजावरचे फोटो आत्याला दाखवायचे तर

मे महिन्यात आम्ही सहा जण तंजावर-मदुराई करून आलो. परतीच्या गाडीत बसल्या बसल्या मी 212 फोटो घरच्या ग्रुपवर ओतले. उत्तरं आली : 'छान', 'मस्त', आणि आत्याचा फोन, "अरे, माझा मोबाईल भरला म्हणतोय. काय पाठवलंस?" मिरजेत माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकाला 'आता दिसतंय का?' विचारणारा मी, घरच्यांना तेवढं विचारायचं विसरलो.

मग सगळं नव्याने केलं, ते सांगतो.

आधी चार दिवस फोटोंना हात लावायचा नाही. गाडीत सगळेच फोटो भारी वाटतात. दुकान उघडून आठवडा सुरू झाला की त्यातले निम्मे आपोआप पडतात. देवळासमोर ओळीने उभे असलेले आपण, असा फोटो सगळ्या सहलीत एकच ठेवायचा. (आमच्याकडे तसे 19 होते, आणि प्रत्येकात मेहुण्याचे डोळे मिटलेले.)

उरलेल्यांतून एका जागेचे तीन घ्यायचे : लांबून, मधून, आणि अगदी नाक लावून. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारात भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, तंजावरचे मराठे राजे सरफोजी यांच्या काळातला, 1803 चा. मी आधी थेट अक्षरांचा फोटो पाठवला होता, तो बघून चुलतभावाने विचारलं, "हे कुठल्या गल्लीतलं?" आता आधी मागे विमान (म्हणजे गाभाऱ्यावरचं उंच शिखर) दिसेल असा आवाराचा, मग भिंतीचा, मग दोनच ओळी. दगडावरची अक्षरं टिपताना फ्लॅश बंद. समोरून उजेड पडला की खाच सपाट होते; ऊन तिरकं असताना गेलात तर कान्या-मात्रेच्या कडेला बारीक सावली धरते आणि अक्षर उठून येतं. त्या ओळी वाचताना आमच्या शेजारी उभं असलेलं कुटुंब चक्क नाशिकचं निघालं.

फोटोखाली काय लिहायचं? जे दिसतंय ते नाही. 'तंजावरचं मंदिर' हे आत्यालाही कळतं. राजराज चोळाने ते 1010 मध्ये पुरं केलं, एवढं एकदा सांगितलं की बास. त्यापेक्षा मजा सावलीच्या फोटोने आणली. या विमानाची सावली जमिनीवर पडतच नाही, असा फॉरवर्ड भाचीकडे आला होता. साडेचारला आम्ही आवारात गेलो (त्याआधी जाऊ नका, चपला बाहेर काढायच्या असतात आणि फरशी तव्यासारखी तापते). सावली आडवी पसरलेली, आणि त्या सावलीतच लोक ऐसपैस बसलेले! तो फोटो टाकून खाली एवढंच लिहिलं, 'मग ही कुणाची?' 212 फोटोंवर झाली नव्हती तेवढी चर्चा त्या एकावर झाली.

रोज तीन फोटो, रात्री जेवणं आटपल्यावर. आठवडाभर पुरतात आणि लोक वाट बघतात.

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आक्रसतो, कोरीवकाम लगदा होतं. पाठवताना एचडी निवडा. कुणाला छापायला मूळ फाईलच हवी असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मात्र त्यात लोकेशन चालू असेल तर फोटो काढल्याची जागाही जाते, तेव्हा घराच्या अंगणातले फोटो तसे पाठवू नका. आणि सगळं घर सहलीला गेलेलं असताना स्टेटस ठेवणं म्हणजे कुलपावर पाटी लावणं. परत आल्यावर ठेवा.

मदुराईत मीनाक्षी मंदिरात मोबाईल नेऊ देत नाहीत. त्यामुळे आतले फोटोच नाहीत. मी बाहेरून सगळ्यात उंच दक्षिण गोपुर (दरवाजावरचा मनोरा) टिपलं आणि आतलं चार ओळींत लिहून पाठवलं. सोबत जिगरठंडाच्या (तिथलं दुधाचं थंडगार पेय) पेल्याचा फोटो, कारण त्या उन्हात आम्ही शुद्धीवर राहिलो ते त्याच्यामुळे.

आत्या 81 वर्षांची, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. तिला मोबाईलची चमक सोसत नाही. तिच्यासाठी 24 फोटो चार बाय सहा इंचांत छापले. कागद मॅट सांगा. चकचकीत कागदावर ट्यूबलाइटच दिसते. आणखी एक : मोबाईलचा फोटो या मापात बसत नाही, आडव्या फोटोचा वरचा-खालचा भाग कापला जातो. पहिल्या खेपेला माझ्या विमानाचा कळसच उडाला. आधी घरी स्वतः कापून बघा, मग दुकानात द्या.

आत्याने गठ्ठा दोनदा बघितला. मग सरफोजीराजांच्या पांढऱ्या संगमरवरी पुतळ्याचा फोटो वेगळा काढून उशीखाली ठेवला आणि म्हणाली, "सावलीचा परत दाखव."