विमान कसं उडतं हे शिकताना या चुका टाळा

सगळ्यात चिवट चूक पहिल्याच धड्यात भेटते. पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून वरच्या हवेला लांबचा रस्ता. खालच्या हवेबरोबर एकाच वेळी मागच्या कडेला पोहोचायचं म्हणून ती जोरात पळते, वेग वाढल्यामुळे दाब कमी होतो आणि विमान उचललं जातं. ऐकायला चोख वाटतं. पण दोन्हीकडच्या हवेने एकाच वेळी पोहोचलं पाहिजे, असा कुठलाच नियम नाही. विंड टनेलमध्ये, म्हणजे हवेचा झोत सोडून पंख तपासायच्या बोगद्यात, धूर थांबून थांबून सोडला, तर वरची हवा खालच्या हवेच्या आधीच मागे पोहोचलेली स्पष्ट दिसते. शिवाय हवाई कसरतींच्या अनेक विमानांचे पंख वर-खाली सारखेच फुगीर असतात, आणि ती विमानं पाठीवर होऊनही खुशाल उडतात.

मग वेग वाढला की दाब कमी होतो, हा बर्नुलीचा नियम खोटा का? अजिबात नाही. वरचा वेग जास्त आणि दाब कमी, हे दोन्ही खरंच आहे. फक्त कारण भलतंच सांगितलं जातं. पंख हवेला खाली वळवतो. प्रवाह वळतो तेव्हा वळणाच्या आतल्या बाजूला दाब कमी असावाच लागतो, आणि कमी दाबाकडे जाताना हवेचा वेग वाढतो. विमान हवा खाली ढकलल्यामुळे उचललं जातं की दाबातल्या फरकामुळे, म्हणजे ‘न्यूटन की बर्नुली’, या वादात तर पडूच नका. खाली ढकललेल्या हवेचा संवेग मोजा नाहीतर पंखावरच्या दाबाची बेरीज करा, लिफ्ट, म्हणजे विमानाला उचलणारं बल, तेवढीच येते.

वाकलेल्या कागदाच्या पट्टीवरून फुंकर मारून ती उचलली गेली की ‘बर्नुली सिद्ध झाला’ म्हणणाऱ्यांनी तीच पट्टी सरळ खाली लोंबकळत धरून तिच्या एकाच बाजूने खाली फुंकावं. पट्टी फुंकरीकडे ओढली जात नाही. आधी ती उचलली गेली, कारण वाकलेल्या कागदाबरोबर हवाही वळली होती.

स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे

गाडी बंद पडते तसं विमान ‘स्टॉल’ होतं, हा समज मोडायला वेळ लागतो. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रेषा आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन म्हणजे अँगल ऑफ अटॅक. तो साधारण 15 अंशांपुढे गेला की हवा पंखाच्या वरच्या बाजूला चिकटून राहत नाही, लिफ्ट ढासळते आणि ड्रॅग, म्हणजे हवेचा मागे ओढणारा विरोध, वाढतो. हाच स्टॉल. इंजिनाचा यात थेट संबंध नाही.

एअरबस ए-330 जातीच्या दोन विमानांची उदाहरणं शेजारी ठेवून पाहा. 2001 मध्ये एअर ट्रान्सॅटच्या विमानातलं इंधन अटलांटिकवर संपलं, दोन्ही इंजिनं थांबली. तरी ते सुमारे 120 किलोमीटर तरंगत जाऊन अझोर्स बेटांवर सुखरूप उतरलं. 2009 मध्ये एअर फ्रान्सच्या 447 उड्डाणाची इंजिनं चालू होती, तरी ते स्टॉलमध्ये समुद्रात कोसळलं. शेवटी त्याचं नाक क्षितिजाच्या वर सुमारे 16 अंश होतं, पण अँगल ऑफ अटॅक 35 अंशांच्या वर होता, कारण विमान वेगाने खाली पडत होतं आणि हवा खालून येत होती. नाक कुठे आहे यावरून हा कोन ठरवू नका. बहुतेक गोंधळ इथेच होतो.

‘स्टॉल स्पीड’ हा विमानाचा एकच कायमचा आकडा समजणंही चूकच. उंची राखून 60 अंश कलून वळताना दुप्पट लिफ्ट लागते, त्यामुळे तो वेग सुमारे 41 टक्क्यांनी वाढतो.

वर चढतंय म्हणजे लिफ्ट वजनापेक्षा जास्त?

नाही. एकसारख्या वेगाने चढताना लिफ्ट वजनापेक्षा किंचित कमीच असते. उरलेला भार थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा पुढे ढकलणारा जोर, पेलतो. आकृतीतले चार बाण (लिफ्ट, वजन, थ्रस्ट, ड्रॅग) वर-खाली आणि पुढे-मागेच असतात असं पाठ केलं की हे पचत नाही. बाण जमिनीच्या नव्हे, हवेतल्या मार्गाच्या संदर्भाने काढा. टेकऑफ वाऱ्याच्या तोंडावर का करतात, तेही याच दृष्टीने पटकन कळतं: पंखावरून जाणाऱ्या हवेचा वेग महत्त्वाचा, धावपट्टीवरचा नाही.

गणित जुळत नसेल तर

लिफ्ट = ½ × हवेची घनता × वेगाचा वर्ग × पंखाचं क्षेत्रफळ × लिफ्ट गुणांक (पंखाचा आकार आणि अँगल ऑफ अटॅक यांवर ठरणारा आकडा). वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा. उत्तर साधारण 13 पट मोठं येत असेल, तर वेग ताशी किलोमीटरमध्ये घातलाय, 3.6 ने भागा. नॉट (ताशी सागरी मैल) असतील तर 0.514 ने गुणा. 11 किलोमीटर उंचीचं गणित तिपटीहून जास्त येत असेल, तर घनता समुद्रसपाटीची, म्हणजे 1.225 किलो प्रति घनमीटर घेतली असणार. तिथे ती सुमारे 0.36 असते. आणि थोडंसंच कमी येत असेल तर क्षेत्रफळ तपासा: दोन पंखांच्या मधला, विमानाच्या धडात झाकलेला भागही त्यात धरण्याची पद्धत आहे.