स्ट्रीटलाइटचं टेंडर काढायच्या आधी

पहिलं काम म्हणजे आहेत त्या खांबांची मोजणी, आणि ती रात्री रस्त्यावर फिरूनच, रजिस्टर बघून नाही. खांबाचा नंबर, उंची, पुढच्या खांबापर्यंतचं अंतर, दिवा किती वॅटचा, कुठल्या फीडर पिलरवर (रस्त्याकडेची, दिव्यांना वीज देणारी पेटी), चालू की बंद, सगळं लिहा. झाडाची फांदी दिव्याच्या आड येते का तेही लिहा, कारण कितीतरी ठिकाणी नवा दिवा लागतच नाही, फांदी छाटली की झालं.

मग रस्ते वेगवेगळे करा. मोठा रस्ता आणि गल्ली दोन्हीला एकच वॅटेज म्हणजे पैसे पाण्यात. झेब्रा क्रॉसिंग, बसस्टॉप आणि भुयारी मार्ग यांचा हिशोब तर वेगळाच ठेवा.

आता मुख्य मुद्दा, ज्याकडे कोणी बघतच नाही. वॅट म्हणजे उजेड नव्हे, आणि नुसती सरासरीही फसवते. खांबाखाली झगझगाट आणि मधे काळोख असेल तर त्या काळोखातला माणूस ड्रायव्हरला दिसतच नाही, त्यापेक्षा कमी पण सगळीकडे सारखा उजेड केव्हाही बरा. लक्स मीटरने (उजेड मोजायचं यंत्र) खांबाखाली, मधे आणि फुटपाथवर रीडिंग घ्या. चौकात सगळ्यात कमी रीडिंग सरासरीच्या निदान ०.४ पट हवं. व्हेंडरकडून तुमच्या खांबांच्या अंतरावर केलेलं डिझाइन मागा, ब्रोशरमध्ये काय, सगळंच लखलखतं. रंग ३००० केल्विनच्या आसपास, म्हणजे पिवळसर, ठेवा, निळसर पांढरा डोळ्यांवर येतो, आणि दिव्याचा उजेड वर आकाशात जायला नको.

बचतीसाठी एक सोडून एक दिवा बंद करायची आयडिया कोणीतरी काढतंच, ती नको, परत तेच काळे पट्टे पडतात. त्यापेक्षा वाहतूक कमी झाली की सगळे दिवे डिम करा, फक्त क्रॉसिंगवरचे सोडून.

स्पेसिफिकेशनमध्ये आयपी ६६ (धूळ-पाणी आत न जाण्याचं रेटिंग) आणि १० केव्ही सर्ज प्रोटेक्शन (विजेच्या अचानक झटक्यापासून संरक्षण) लिहा. एलईडी टिकतो हो, आधी जातो तो ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज देणारा दिव्यातला भाग, म्हणून वॉरंटीत ड्रायव्हर स्पष्ट लिहून घ्या आणि तो दिवा खाली न उतरवता खांबावरच बदलता येईल असा हवा. अर्थिंग पावसाळ्याआधी चेक करा, खांबाच्या बुडाशी जंक्शन बॉक्सचं झाकण उघडं राहिलं तर शॉकचा धोका, तिथे काटकसर अजिबात नको.

काम झाल्यावर तेच लक्स मीटर घेऊन परत रात्री त्याच जागी रीडिंग घ्या, आकडे डिझाइनशी जुळले तरच शेवटचं बिल.