गाण्याच्या रिअॅलिटी शोची तयारी करताना या चुका टाळा

'झी मराठी'वर २००८-०९ मध्ये झालेले 'सा रे ग म प लिट्ल चॅम्प्स'चे पर्व ज्यांनी पाहिले, त्यांना विजेती कार्तिकी गायकवाड तर आठवतेच, पण आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत ही उरलेली चार नावेही ते एका दमात सांगतात. एका स्पर्धेतील पाचही अंतिम स्पर्धक इतक्या वर्षांनंतर नावानिशी लक्षात राहावेत, हे फार क्वचित घडते. २०२१ मध्ये त्याच कार्यक्रमाच्या नव्या पर्वात या पाचही जणांना परीक्षणाच्या आसनांवर बसवताना वाहिनीने याच आठवणीवर भिस्त ठेवली होती. दरम्यानच्या काळात मात्र मुलांना स्पर्धेसाठी 'तयार करण्याची' एक पद्धतच घरोघरी रूढ झाली. ऑडिशनमध्ये मुले अडखळतात त्याची कारणे बहुतेक वेळा गळ्यात नसतात, ती या तयारीत असतात.

गाण्याची निवड ही त्यातली पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक. गेल्या पर्वात जे गाणे गाजले, ज्यावर परीक्षक उभे राहिले, तेच आपल्या मुलाकडून बसवून घेण्याचा मोह पालकांना आवरत नाही. परिणामी ऑडिशनच्या रांगेत एकामागून एक दहा मुले तेच गाणे गातात आणि अकराव्या मुलाकडे परीक्षकांचे कान केवळ कर्तव्य म्हणून लागलेले असतात. त्या २००८-०९ च्या पाच मुलांकडे या दृष्टीने पाहावे. आळंदीची कार्तिकी वडील कल्याणजी गायकवाड यांच्याकडून आलेले अभंग-गवळणींचे गाणे घेऊन उभी राहिली. पुण्याच्या आर्याला आई श्रुती आंबेकर यांच्याकडून शास्त्रीय संगीताची तालीम होती. कोकणातल्या आरवलीचा प्रथमेश नाट्यगीत आणि भक्तिगीतात रमणारा होता. लातूरचा रोहित आधुनिक, जोशपूर्ण गाण्यांत खुलायचा. आणि अलिबागची मुग्धा या सर्वांत लहान असूनही वयाला न शोभणारी गाणी तिच्यावर लादलेली सहसा दिसली नाहीत. पाच जणांची पाच निराळी घरे होती आणि प्रत्येकजण आपापल्या घरातून गात होता. त्यांची गाणी उचलून घेणारे पालक नेमकी हीच गोष्ट वगळतात.

मुलाचे गाणे कोणते हे ओळखण्याची साधी खूण अशी की, कुणी सांगितले नसताना, खेळताना किंवा आंघोळ करताना ते काय गुणगुणते याकडे आठवडाभर लक्ष द्यावे. त्यातले जे गाणे खालच्या आणि वरच्या दोन्ही सुरांत न ताणता येते, ते ऑडिशनचे गाणे. विरहाच्या गझला आणि लावणीतला शृंगार आठ वर्षांच्या मुलीने हातवाऱ्यांसह म्हटला की मंचासमोर टाळ्या पडतात, हे खरे. पण त्या टाळ्या गाण्याला नसतात, आणि जाणत्या परीक्षकाला त्यातला फरक कळतो.

दुसरी चूक 'सा'ची, म्हणजे ज्याला धरून बाकीचे सगळे सूर लागतात त्या आधारस्वराची आहे, आणि तिच्यावर थोडे थांबायला हवे, कारण बाद होणाऱ्या कितीतरी मुलांचे गाणे याच जागी घसरते. ऑडिशनच्या खोलीत बहुतेक वेळा साथ नसते. मूल उभे राहते, ओठांवरून जीभ फिरवते आणि त्या क्षणी जो सूर सापडेल तो धरून मुखडा सुरू करते. घाबरलेल्या अवस्थेत हा सूर रोजच्यापेक्षा अर्धा-एक स्वर चढा लागतो. मुखडा मध्य सप्तकात, म्हणजे गळ्याला सोप्या मधल्या सुरांत फिरत असल्याने तेवढ्यात काही बिघडल्याचे कुणालाच जाणवत नाही. अंतरा सुरू होतो, चाल तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या 'सा'कडे, आणि तिथून गंधाराकडे ('ग'कडे) जाऊ लागते, मग हनुवटी वर उचलली जाते, मान ताठ होते, आवाज चिरका होतो आणि शेवटी मूल नकळत पट्टी (ज्या 'सा'वरून गाणे सुरू केले तो आधार) सोडून खाली येते. परीक्षक म्हणतात, 'बाळा, थोडं खालून म्हण.' आणि मुलाला खालचा सूर सापडत नाही, कारण घरी त्याने कायम कराओकेबरोबरच म्हटलेले असते. स्वतःचा 'सा' शोधण्याची वेळ त्याच्यावर कधी आलेलीच नसते.

यावर उपाय अवघड नाही, मात्र त्याला वेळ द्यावा लागतो. लहान मुलांची आणि मुलींची पट्टी साधारणपणे काळी चार ते काळी पाचच्या (पेटीवरच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीच्या) आसपास असते; आपल्या मुलाची नेमकी कोणती हे शिक्षकांकडून पेटीवर तपासून घ्यावे आणि मुलालाही ते तोंडपाठ असू द्यावे. मोबाइलवरच्या तानपुऱ्याच्या अॅपवर त्या पट्टीत रोज गावे आणि मधूनच तानपुरा बंद करून दोन ओळींनंतर पुन्हा सुरू करावा. सूर जुळलेला असेल तर ठीक. नसेल तर मूल चढते आहे की उतरते आहे हे लगेच कळते. बहुतेक मुलांची घसरण एकाच दिशेने होते आणि एकदा ती दिशा कळली की निम्मे काम झाले. ऑडिशनला जाताना खोलीबाहेर थांबलेले असताना कानात तानपुरा ऐकत राहावे. तेवढ्या वेळात गाण्याची आणखी एक तालीम उरकण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगाचे ठरते.

याच प्रश्नाची दुसरी बाजू कराओके ट्रॅकची आहे. बाजारात मिळणारे ट्रॅक मूळ गाण्याच्या पट्टीत असतात आणि पुरुष गायकाचे गाणे सहसा काळी एक-दोनच्या आगेमागे असते. लहान मुलाला तिथे एक तर खर्जात घोगरे गावे लागते किंवा सप्तकभर वर जाऊन किंचाळावे लागते. अॅपमधून ट्रॅकची पट्टी बदलता येते, पण ती फार बदलली की वाद्यांचा आवाज विद्रूप होतो. अशा वेळी ट्रॅकचा हट्ट सोडून पेटी-तबल्यावर गाणे बसवावे.

वेळेचा अंदाज चुकणे ही तिसरी बाब. पहिल्या फेरीत संपूर्ण गाणे कुणी ऐकत नाही. तरीही कित्येक मुले आधी आलाप घेतात, मग वाद्यांचा तुकडा तोंडाने वाजवतात आणि मुखड्याची ओळ तीनदा घोळवतात. तोवर त्यांना थांबवले जाते. गाण्यातील सर्वांत समर्थ ओळ, मग ती अंतऱ्यातली का असेना, पहिल्या अर्ध्या मिनिटात ऐकू जायला हवी, आणि त्याशिवाय निराळ्या ढंगाचे दुसरे गाणे तयार हवे, कारण 'अजून काही म्हण' हा प्रश्न हमखास येतो. भावगीतात उगाच घुसडलेल्या सरगमी आणि ताना यांनी प्रभाव पडतो हाही असाच एक गैरसमज आहे. मूळ गायिकेच्या हरकती (सुरांची छोटी नक्षी) जशाच्या तशा उतरवून काढणारे मूलही पहिल्या फेरीपुरते चकित करते. पुढे त्याला अनोळखी गाणे दिले की उसनी हरकत सापडत नाही आणि ते उघडे पडते.

शब्दांबाबत मराठी घरांनाच जास्त सांगावे लागते. इंग्रजी माध्यमातली मुले गाण्याचे बोल रोमन लिपीत लिहून पाठ करतात आणि त्या लिपीत 'ळ' आणि 'ल', 'ण' आणि 'न' यांतला फरक मिटून जातो. 'चांदणे'मधला दंत्य च आणि 'चिमणी'मधला तालव्य च एकाच तऱ्हेने उच्चारला की सूर कितीही गोड असला तरी ओळ परकी वाटते. बोल देवनागरीत, हाताने लिहून काढावेत आणि एकदा चालीशिवाय, नुसते मोठ्याने वाचून घ्यावेत. कोणत्या शब्दाच्या मध्येच श्वास तुटतो तेही याच वाचनात सापडते.

हल्ली पहिली चाळणी बहुधा पाठवलेल्या व्हिडिओवरच होते आणि तिथल्या तक्रारी ठरावीक असतात. गाणे ट्रॅकच्या मागे पडलेले ऐकू येत असेल तर दोष मुलाच्या लयीत असेलच असे नाही. ब्लूटूथ हेडफोनमधून आवाज काही अंशी उशिरा पोहोचतो आणि मूल त्या उशिरा आलेल्या तालाबरोबर गाते. त्यासाठी तारेचा इअरफोन वापरावा. आवाज मध्येच लहान-मोठा होत असेल तर फोन फार जवळ आहे. तो हातभर दूर, छातीच्या उंचीवर ठेवावा. पंखा बंद करावा आणि मोकळ्या भिंतींच्या खोलीऐवजी पडदे व गाद्या असलेली खोली निवडावी, म्हणजे घुमारा कमी होतो. प्रतिध्वनी मिसळणारी, सूर आपोआप सरळ करणारी अॅप तर पूर्णपणे टाळावीत. निवड करणाऱ्यांना तो लेप ओळखू येतोच, आणि एवढ्यावरून आलेला व्हिडिओ बाजूला पडू शकतो.

मंचावर पोहोचलेल्या मुलांची अडचण मायक्रोफोनची असते. घरी फोनसमोर गाणारे मूल मंचावर माइक ओठांना चिकटवते. मग 'प', 'फ', 'भ' या अक्षरांचे फटके बसतात आणि खालचे सूर नको तितके जाड होतात. चार बोटांचे अंतर ठेवून किंचित तिरका धरलेला माइक, आणि वरच्या सुरांवर तो अलगद दूर नेण्याची सवय, एवढे पुरते. ही सवय लागण्यासाठी घरी तालमीत साधा तारेचा माइक किंवा निदान एखादे लाटणे हातात द्यावे. रिकाम्या हाताने तालीम केलेल्या मुलाला मंचावर तो हात जड होतो. प्रत्यक्ष वादकांच्या साथीची गोष्ट निराळी आहे. वादक गायकाकडे पाहून वाजवतात, ट्रॅक पाहत नाही. तेव्हा स्पर्धेआधी काही वेळा तरी जिवंत तबल्याबरोबर, सम (तालाची पहिली मात्रा) चुकवून आणि पुन्हा पकडून गाण्याचा अनुभव मुलाला मिळालेला असावा.

गळ्याच्या काळजीबद्दल घरोघरी भरपूर सल्ले मिळतात, म्हणून थोडक्यात सांगतो. आइस्क्रीम बंद करून दिवसाला पाच तास रियाज करून घेणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यावे की लहान वयात आवाज बसण्यामागे मैदानावरचे ओरडणे, अपुरी झोप आणि अति ताण ही कारणे अधिक असतात. ज्येष्ठमध चघळल्याने बरे वाटते, पण स्वरतंतूंवरची सूज त्याने ओसरत नाही. घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. मुलगा बारा-तेरा वर्षांचा असेल आणि आवाज फुटू लागला असेल, तर जुन्या पट्टीचा आग्रह धरणे सर्वस्वी चूक आहे. पट्टी खाली आणावी, गाण्याचा पल्ला आखूड ठेवावा आणि गरज भासल्यास ते वर्ष सोडून द्यावे. रोहित राऊत पुढे मोठेपणीच्या आवाजाने 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या पर्वात अंतिम फेरीपर्यंत गेला, त्यामुळे हुकलेले एक पर्व म्हणजे संपलेले गाणे असे मानण्याचे कारण नाही.

आता ज्या चुका मूल करत नाही, फक्त मोठी माणसे करतात, त्यांच्याकडे वळू. निवड पक्की करून देण्यासाठी, 'नोंदणी'साठी किंवा पोशाखासाठी पैसे मागणारा फोन आला की संभाषण तिथेच थांबवावे आणि वाहिनीच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा पडद्यावर दाखवलेल्या सूचनेशी ते ताडून पाहावे. निवड झाल्यावर हाती येणारा करार तर आनंदाच्या भरात न वाचताच सही करून परत दिला जातो. पर्व संपल्यानंतर किती काळ मुलाला इतर वाहिन्यांवर किंवा जाहीर कार्यक्रमांत गाता येणार नाही, ध्वनिमुद्रणांवर हक्क कुणाचा राहील आणि शाळेच्या परीक्षेच्या दिवसांत चित्रीकरणाचे काय, ही तीन कलमे वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.

कायद्याची बाजूही पालकांना सहसा ठाऊक नसते. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांनी चौदा वर्षांखालील बालकलाकारांसाठी मर्यादा घालून दिल्या. त्यांनुसार दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही, आणि सलग २७ दिवसांपलीकडे काम घेता येत नाही. निर्मात्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते, पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती नेमायची असते आणि मुलाच्या मिळकतीतील किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवायची असते, जी त्याला सज्ञान झाल्यावर मिळते. चित्रीकरण रात्री उशिरापर्यंत लांबले आणि 'सगळेच थांबलेत' असे सांगण्यात आले, तर हे नियम नम्रपणे पण स्पष्ट शब्दांत समोर ठेवावेत. परवानगीची प्रत मागण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. मुदत ठेवीची पावती तर पहिल्याच मानधनाबरोबर मागून घ्यावी, कारण पर्व संपल्यावर उत्तर देणारा माणूस दुसऱ्या कार्यक्रमावर गेलेला असतो.