माइल्सवर आईबाबांची अमेरिकावारी: पॉइंट्स हलवण्याआधीची तयारी

आईबाबांना मुंबईहून नेवार्कला माइल्सवर, म्हणजे विमान कंपनीच्या बक्षिसाच्या पॉइंट्सवर, न्यायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिलं काम होतं ते क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स एखाद्या विमान कंपनीच्या खात्यात टाकण्याचं. हे काम सगळ्यात शेवटी करा. पॉइंट्स एकदा बँकेकडून गेले की परत येत नाहीत, आणि ज्या खात्यात गेले त्या खात्याचे नियम तुमच्या गळ्यात पडतात. आधी सीट बघा, मग त्या सीटवर रोख किती भरावी लागेल ते बघा आणि त्यानंतरच बँकेचं अ‍ॅप उघडा.

तयारीचं पहिलं पान वहीत लिहावं. प्रत्येक पर्यायासमोर दोन नावं हवीत: विमान कोणाचं, आणि तिकीट कोणाच्या माइल्सवर काढणार. ही दोन नावं वेगळी असू शकतात, आणि या सगळ्या व्यवहाराची किल्ली तिथेच आहे. स्टार अलायन्स हे एकमेकांचे माइल्स चालवून घेणाऱ्या भागीदार विमान कंपन्यांचं जाळं १९९७ मध्ये पाच कंपन्यांनी मिळून सुरू केलं. एअर इंडिया त्यात आली जुलै २०१४ मध्ये. त्यामुळे आज युनायटेडच्या माइल्सवर लुफ्तान्सा, सिंगापूर एअरलाइन्सच्या माइल्सवर एअर इंडिया किंवा एअर कॅनडाच्या पॉइंट्सवर स्विस अशी तिकिटं निघतात. विमान तेच, सीट तीच, पण लागणारे माइल्स वेगळे आणि हातून जाणारी रोख रक्कमही वेगळी.

रोख रकमेकडे जरा थांबून बघू, कारण लोक फसतात ते इथेच. अवॉर्ड तिकिटावर, म्हणजे माइल्सवर काढलेल्या तिकिटावर, ‘टॅक्सेस अँड फीज’ म्हणून जो आकडा दिसतो, त्यात दोन प्रकारचे पैसे असतात. एक भाग खरा कर आणि विमानतळाचं शुल्क. ते कुठल्याही माइल्सवर तिकीट काढलं तरी भरावंच लागतं. दुसरा भाग विमान कंपनीने स्वतः लावलेला सरचार्ज. पूर्वी त्याला इंधन अधिभार म्हणायचे, आता बऱ्याच कंपन्या नुसतं ‘कॅरियर चार्ज’ म्हणतात. तिकिटाच्या हिशेबात तो वायक्यू किंवा वायआर या अक्षरांनी येतो. हा पैसा सरकारकडे जात नाही, कंपनीकडेच राहतो. लुफ्तान्सा, स्विस, ब्रिटिश एअरवेज यांच्या लांबच्या विमानांवर तो इतका असू शकतो की इकॉनॉमीचं जाण्यायेण्याचं ‘फुकट’ तिकीट सेलमधल्या साध्या तिकिटाच्या जवळ जाऊन बसतं. अशा वेळी माइल्स वापरूच नयेत. सरळ तिकीट विकत घ्यावं, वर नवे माइल्स मिळतात.

हा सरचार्ज तुमच्याकडून घ्यायचा की नाही हे मात्र तिकीट काढून देणारा कार्यक्रम, म्हणजे माइल्स ज्यांचे त्यांची सभासद योजना, ठरवतो. मुंबई-फ्रँकफर्ट-नेवार्क हा प्रवास घ्या. लुफ्तान्साच्याच माइल्स अँड मोअरमधून काढलात तर सरचार्ज पूर्ण लागतो. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरने स्वतःच्या विमानांवरचा सरचार्ज मार्च २०१७ मध्ये काढून टाकला, पण लुफ्तान्सासारख्या भागीदाराच्या विमानावर तो अजून घेतला जातो. युनायटेडचं मायलेजप्लस भागीदारांचा सरचार्ज घेत नाही. एअर कॅनडाच्या एरोप्लॅननेही नोव्हेंबर २०२० पासून तो बंद केला, फक्त भागीदाराच्या विमानासाठी ३९ कॅनेडियन डॉलरचं बुकिंग शुल्क ठेवलं. एकाच सीटसाठी एकाला घसघशीत रक्कम आणि दुसऱ्याला जवळपास नुसते कर भरावे लागतात, ते यामुळे. म्हणून वहीतल्या प्रत्येक पर्यायासमोर माइल्सच्या शेजारी रुपयांचा रकाना हवाच. साध्या तिकिटात सरचार्ज किती आहे ते आयटीए मॅट्रिक्स या गुगलच्या साधनावर कराच्या तपशिलात दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे, ते टाळू नका.

जपानमार्गे अमेरिकेला जायचं असेल तर आणखी एक गोष्ट बघा. एएनए आणि जपान एअरलाइन्स या जपानी कंपन्या हा अधिभार तक्त्याने जाहीर करतात आणि दर दोन महिन्यांनी बदलतात. तो तिकीट काढण्याच्या तारखेवर ठरतो, प्रवासाच्या नाही. पुढच्या दोन महिन्यांचा दर उतरणार असल्याचं जाहीर झालं असेल तर थोडं थांबण्यात फायदा, फक्त तोवर सीट टिकेल याची खात्री नसते. लंडनमार्गे येणाऱ्यांसाठीही एक सूचना. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवासावर एअर पॅसेंजर ड्यूटी लागते आणि वरच्या वर्गाला ती जास्त असते. एकाच तिकिटावर चोवीस तासांच्या आत पुढचं विमान असेल तर ती लागत नाही. आईबाबांना लंडनला मावशीकडे चार दिवस थांबवायचा विचार असेल, तर तो खर्च आधी हिशेबात धरा.

आता सीट. विमानात जागा रिकामी आहे म्हणजे ती माइल्सवर मिळेलच असं नाही. प्रत्येक कंपनी ठरावीक सीटच भागीदारांसाठी सोडते आणि चांगल्या सीट आपल्या सभासदांसाठी राखून ठेवते. सिंगापूर एअरलाइन्स लांबच्या विमानांतली बिझनेस आणि त्याहून वरच्या वर्गाची सीट भागीदारांना सहसा देतच नाही, त्यासाठी क्रिसफ्लायरचेच माइल्स हवेत. स्विसच्या फर्स्ट क्लासचंही तसंच. लुफ्तान्सा फर्स्टच्या सीट भागीदारांना दिसू लागतात त्या साधारण शेवटच्या दोन आठवड्यांत. सत्तरीच्या माणसांना अशा टांगत्या बेतावर ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्यासाठी साधारण अकरा महिने आधी, त्या तारखांचं बुकिंग उघडताच शोधायला लागा. एप्रिल-मे मध्ये जाऊन दिवाळीआधी परत, हा आपल्याकडचा ठरलेला बेत आहे आणि त्या तारखांवर सगळ्यांचाच डोळा असतो.

शोधताना आधी एका माणसासाठी शोधा, मग दोघांसाठी. स्वस्त दराची एकच सीट उरली असेल तर दोघांच्या शोधात ते विमान दिसत नाही किंवा दोघांनाही महाग दर लागतो. युनायटेडने २०१९ मध्ये कुठल्या प्रवासाला किती माइल्स याचा ठरलेला तक्ताच काढून टाकल्यापासून तिथे हा फरक फार जाणवतो. दुसरं म्हणजे भुताटकीच्या सीट. संकेतस्थळावर दिसतात, तिकीट काढायला गेलं की गायब. म्हणून भागीदाराची सीट युनायटेड आणि एअर कॅनडा अशा दोन ठिकाणी दिसते का ते पडताळा. दोन्हीकडे दिसली तर पॉइंट्स हलवायला हरकत नाही. एकीकडेच दिसली तर फोन करून विचारा.

कोडशेअर पाहून हुरळून जाऊ नका. एका कंपनीच्या तिकिटावर दुसरीच्या विमानात बसता येतं म्हणून पहिलीचे माइल्स दुसरीकडे चालतात असं होत नाही, तो करार वेगळा असतो. विस्तारा हे चांगलं उदाहरण. तिचे लुफ्तान्सा आणि युनायटेडशी कोडशेअर होते, पण स्टार अलायन्समध्ये ती कधीच नव्हती. १२ नोव्हेंबर २०२४ ला ती एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिची विमानं त्या जाळ्यात आली. उलटही घडतं. एसएएस ही स्कँडिनेव्हियाची विमान कंपनी स्टार अलायन्सच्या संस्थापकांपैकी एक, पण ३१ ऑगस्ट २०२४ ला बाहेर पडली आणि दुसऱ्या दिवसापासून स्कायटीम या दुसऱ्या जाळ्यात गेली. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये थांबली तेव्हा कित्येक मराठी घरांतले परदेश प्रवासाचे बेत कोलमडले. त्यामुळे भागीदारीच्या भरवशावर पॉइंट्स वर्षानुवर्षं साठवू नयेत. बँकेत ठेवावेत, म्हणजे अनेक दारं उघडी राहतात. विमान कंपनीकडे गेलेल्या माइल्सना बऱ्याच ठिकाणी मुदत असते. क्रिसफ्लायरचे तीन वर्षांत संपतात, एरोप्लॅनचे अठरा महिने खातं हललं नाही तर जातात. युनायटेडचे संपत नाहीत.

खात्यांची तयारी आधीच करून ठेवा. सभासदत्वावरचं नाव पासपोर्टप्रमाणे हवं, वडिलांचं नाव मध्ये येतं की नाही इथपर्यंत. क्रिसफ्लायरमध्ये दुसऱ्यासाठी तिकीट काढायचं तर त्यांची नावं आधी नॉमिनी म्हणून नोंदवावी लागतात, आणि जास्तीत जास्त पाच नावं घेता येतात. बँकेचं हस्तांतराचं प्रमाण (किती पॉइंट्सचे किती माइल्स), वर्षाची कमाल मर्यादा आणि पॉइंट्स पोचायला लागणारा वेळ हेही वहीत असू द्या. काही ठिकाणी ते मिनिटांत जातात, काही ठिकाणी दिवस लागतात, आणि तेवढ्यात सीट जाते. मधल्या विमानतळासाठी ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर वाचा, ओळखीच्यांच्या अनुभवावर जाऊ नका.

तिकीट निघालं की दोन पीएनआर मागून घ्या: माइल्स ज्यांचे त्यांचा आणि विमान ज्यांचं त्यांचा. व्हीलचेअर, शाकाहारी किंवा जैन जेवण, शेजारशेजारच्या सीट हे सगळं विमान ज्यांचं त्यांच्याकडे, त्यांच्या पीएनआरवर नोंदवायचं. बुकिंग करताना मागितलेलं जेवण भागीदाराकडे पोचतंच असं नाही. वेळ बदलली किंवा विमान काही आठवडे आधी रद्द झालं, तर फोन करायचा तो माइल्स ज्यांचे त्यांना. प्रवासाच्या दिवशी खोळंबा झाला तर मात्र विमानतळावरच्या, विमान चालवणाऱ्या कंपनीच्या काउंटरवर जायचं. हे आईबाबांना मराठीत, मोठ्या अक्षरांत, दोन्ही फोन नंबरांसह एका कागदावर लिहून द्या आणि त्याची एक प्रत पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. ई-तिकिटाचा तेरा आकडी क्रमांक आल्याशिवाय तिकीट निघालं असं समजू नका. तो नसेल तर त्याच दिवशी फोन करा.