क्रीम लावूनही डायपरचं पुरळ वाढतंय? आधी ट्यूब वाचा

केमिस्टकडून आणलेलं क्रीम लावलं, दोन दिवस लाली उतरली आणि मग पुरळ आधीपेक्षा जास्त पसरलं. अशा वेळी बहुतेक घरांत तेच क्रीम आणखी जाड लावलं जातं. तसं करू नका. क्रीम थांबवा आणि ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा.

क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर त्यात स्टिरॉइड आहे. स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेल्या अशा ट्यूब आपल्याकडे चिठ्ठीशिवायही हातात पडतात. स्टिरॉइडने लाली दबते, पण कँडिडा ही बुरशी पसरायला मोकळी होते. त्यातून डायपरखाली झाकलेल्या त्वचेत औषध जास्त मुरतं आणि नाजूक कातडी पातळ होते. दोन आठवड्यांहून जास्त लावलं असेल तर मात्र आपणहून एकदम न थांबवता, ते कसं बंद करायचं, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. स्टिरॉइड नसेल, पण निओमायसिन हे अँटिबायोटिक किंवा सुगंधी द्रव्य असेल, तर त्याचीच ॲलर्जी असू शकते.

आता बाळाला उजेडात निजवून जांघेच्या घड्या अलगद उघडून बघा. शू-शीच्या ओलीने झालेलं पुरळ ढुंगण, मांड्या अशा डायपर घासणाऱ्या उंच भागांवर असतं. घड्या बऱ्याचदा वाचतात. घडीच लालभडक असेल आणि कडेला सुटे सुटे लाल टिपके असतील, तर बुरशीचा संशय घ्या. बाळाला नुकतंच तोंडावाटे अँटिबायोटिक दिलं असेल किंवा जिभेवर, गालांच्या आत न निघणारे पांढरे डाग असतील, तर हा संशय बळावतो.

सफाई कोमट पाणी आणि कापसाने करा. वाइप्स, साबण, डेटॉलचं पाणी, हळद काही नको. चिकटलेलं जुनं क्रीम खोबरेल तेलात भिजवलेल्या कापसाने सोडवा. मग मऊ सुती कापडाने टिपून घ्या, पुसू नका. दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटं बाळाला उघडं ठेवा. मुंबईच्या दमट हवेत पंखा चालू असू द्या, पण थेट अंगावर नको.

त्वचा पूर्ण सुकल्यावरच झिंक ऑक्साइडची पेस्ट लावा. खालची लाली दिसणार नाही इतका जाड थर हवा, आणि तो प्रत्येक बदलाला. मोठी चूक होते ती पुढच्या वेळी: शीबरोबर अख्खा थर घासून काढला जातो आणि भरत आलेली कातडीही सोलवटते. मळलेला वरचा भाग तेवढा काढा, उरलेल्यावरच नवा थर द्या. डॉक्टरांनी बुरशीसाठी क्लोट्रिमाझोल १ टक्का दिलं असेल तर ते आधी, अगदी पातळ लावायचं, वर झिंक. लाली गेली म्हणून मध्येच सोडू नका. सांगितलेले दिवस पूर्ण करा. पावडर मात्र टाळाच, ती श्वासातून फुप्फुसात जाते.

डायपर दर दोन-तीन तासांनी आणि शी झाली की लगेच बदला. लंगोट वापरत असाल तर दोनदा खळबळून साबण काढा. पावसाळ्यात घरातल्या दोरीवर ते वरून कोरडे वाटतात, पण शिवणीत ओल राहते. दोन्ही बाजूंनी इस्त्री फिरवूनच बांधा.

दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ताप, पू भरलेले फोड, रक्त, गुदद्वाराभोवती लालभडक दुखरं कडं, किंवा बाळ दीड महिन्याच्या आतलं असेल तर तेवढंही थांबू नका. परळचं वाडिया बालरुग्णालय किंवा केईएम, सायन, नायर या पालिका रुग्णालयांत बाळाला दाखवता येतं. जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घ्या आणि पहिल्यांदा कधी लावलं ती तारीख लिहून न्या.