शहीद अधिकाऱ्याची स्मृतिशिला उभारताना

पुतळा की शिला, हे सर्वांत आधी ठरवा. पुतळ्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. शिवाय रस्त्यावर, फुटपाथवर पुतळा उभारायला सर्वोच्च न्यायालयाची 2013 पासून मनाई आहे. त्यामुळे बगिच्यात किंवा अधिकाऱ्याच्या शाळेत ग्रॅनिटची शिला बसवणं आम्हाला जास्त योग्य वाटतं. ले-आउटमधली मोकळी जागा असेल तर ती महापालिकेकडे आहे की नागपूर सुधार प्रन्यासकडे, ते पाहून तिथेच अर्ज करा.

सगळ्यात जास्त चुका मजकुरात होतात. हुद्दा, रेजिमेंट, पदक आणि तारीख कुटुंबाजवळच्या कागदांवरून घ्या, मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून तपासून घ्या. वीरचक्र शत्रूसमोरच्या शौर्यासाठी असतं, शौर्यचक्र त्याखेरीजच्या शौर्यासाठी. फलकांवर या दोघांची हमखास अदलाबदल होते. कोरणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर बरेचदा जुना फॉन्ट असतो. त्यात आपला मजकूर टाकला की ‘शौर्य’मधला रफार सरकतो, ‘अधिकाऱ्या’तला ‘ऱ्य’ तुटतो. म्हणून पूर्ण मापाची प्रिंट काढा, मोठ्यानं वाचा आणि कुटुंबाची सही घेतल्याशिवाय दगडाला हात लावू देऊ नका. मात्रा-वेलांट्या सोडून अक्षराची उंची किमान 25 मिलिमीटर ठेवा. त्याहून लहान अक्षरांत अनुस्वार रंगानं बुजतात. चिकटवलेली पितळी अक्षरं टाळा, ती चोरीला जातात.

नागपूरची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उभा केलेला चौथरा दोन-तीन वर्षांत कलतो. मुरूम लागेपर्यंत खोदा, तळाशी गिट्टीचं काँक्रीट टाका आणि बाजूनं काळी माती न भरता मुरूमच ठोकून भरा. काम हिवाळ्यात करा, किमान सात दिवस पाणी मारा. मे महिन्यातल्या उन्हात काँक्रीट ओलं राहत नाही. शिला 40 मिलिमीटर जाड घ्या आणि मागून स्टेनलेस स्टीलच्या 12 मिलिमीटरच्या खुंट्यांनी धरा. पॉलिश केलेला ग्रॅनिट नुसत्या सिमेंटवर टिकत नाही, पाणी शिरून सुटतो.

पुष्पचक्र आणि पणत्या ठेवायला पुढे वेगळी पायरी काढा, पणतीचं तेल दगडात मुरतं. अनावरणाला बिगुलवादक हवा असेल तर कामठीच्या लष्करी कार्यालयाकडे महिनाभर आधी लेखी विनंती करा. झाडलोट आणि दिव्याचं बिल कोण पाहणार, हे परवानगीच्या पत्रातच नोंदवून घ्या. धुताना फक्त साधं पाणी वापरा, ॲसिड कधीच नाही.